जुन्या पीसीसाठी लॅन कार्ड घेताय? आमच्या मामांना कसं फसवलं ते वाचा

जुन्या कॉम्प्युटरला लॅन कार्ड (केबलनं दुसऱ्या कॉम्प्युटरशी जोडणारं कार्ड) बसवून देतो असं सांगून कोल्हापुरातल्या एका विक्रेत्यानं माझ्या मामांकडून ४,३०० रुपये काढले, आणि वर मशीनही भंगारात घ्यायला निघाला होता. त्याचं दुकान अजून चालू आहे, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

मामा निवृत्त शिक्षक, मंगळवार पेठेत राहतात. त्यांच्याकडे पेन्टियम थ्रीचं मशीन आहे, इंटेल ४४०बीएक्स चिपसेटचा बोर्ड आणि विंडोज ९८. तालमींच्या, खासबागेतल्या कुस्त्यांच्या, जुन्या पैलवानांशी झालेल्या गप्पांच्या नोंदी त्यांनी कित्येक वर्षं त्यावर श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये टाइप केल्या आहेत. हे सगळं नव्या लॅपटॉपवर घ्यायचं होतं. फ्लॉप्या दगा देतात आणि विंडोज ९८ वेगळ्या ड्रायव्हरशिवाय (जोडलेली वस्तू चालवणारा छोटा प्रोग्राम) पेन ड्राइव्ह ओळखत नाही. त्यामुळे लॅन कार्ड बसवायचं हा मामांचा विचार अगदी बरोबर होता.

विक्रेत्यानं दिलं ते ‘थ्रीकॉम ३सी९०५सी, ओरिजिनल, कंपनीचा नवा माल’. किंमत २,८०० रुपये. कार्ड बसवलं, विंडोजनं ड्रायव्हर मागितला, सोबतची सीडी घातली, पण ड्रायव्हर काही केल्या बसेना. मामांनी फोन केला तर उत्तर तयार होतं: “मामा, मशीन लई जुनं हाय. बायोस अनलॉक केल्याबिगर कार्ड धरणार न्हाई.” बायोस म्हणजे मशीन सुरू करणारा मूळ प्रोग्राम; तो ‘अनलॉक’ करायचे १,५०० घेतले. मशीन दुकानात ठेवून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी सांगितलं की बोर्डाचे स्लॉटच जळलेत, आता दुरुस्ती परवडायची नाही, भंगाराच्या भावात मीच घेतो. मामींनी ठाम नकार देऊन मशीन घरी आणवलं. त्यांनी तसं केलं नसतं तर त्या नोंदी कायमच्या गेल्या असत्या.

मी गावी आल्यावर कार्ड काढून पाहिलं. मोठ्या चिपवर थ्रीकॉमचं चकचकीत स्टिकर होतं. ते हलक्या हातानं सोडवलं तर खाली छापलेलं दिसलं: आरटीएल८१३९. हे रियलटेक कंपनीचं साधं १०/१०० (एमबीपीएस वेगाचं) कार्ड आहे, जुन्या बाजारात शे-दोनशेत मिळतं. खात्रीसाठी मित्राच्या पीसीआय स्लॉट (असली कार्डं बसवायची खाच) असलेल्या मशीनवर लिनक्स लावून एलएसपीसीआय ही बसवलेल्या कार्डांची यादी दाखवणारी आज्ञा चालवली. प्रत्येक पीसीआय कार्डात बनवणाऱ्याचा आणि चिपचा क्रमांक असतो, तो वरच्या स्टिकरनं बदलत नाही. थ्रीकॉमचा १०बी७, रियलटेकचा १०ईसी. इथे १०ईसी:८१३९ आला. विंडोज हाच क्रमांक पाहून ड्रायव्हर जुळवतं, म्हणून थ्रीकॉमची सीडी घालून काहीच झालं नाही. आणि ‘कंपनीचा नवा माल’ म्हणावं तर थ्रीकॉम कंपनी २०१० मध्येच एचपीनं विकत घेतली.

बायोस अनलॉक नावाची भानगड तर निव्वळ थाप आहे. पीसीआय कार्डाला आयआरक्यू (प्रोसेसरचं लक्ष वेधायची लाइन) आणि पत्ता मशीन सुरू होताना बायोस आपोआप देतो. हातानं जंपर (पिना जोडणाऱ्या छोट्या टोप्या) लावायची कटकट होती ती जुन्या आयएसए कार्डांना, लांब काळ्या स्लॉटातल्या. मामांचं कार्ड पांढऱ्या पीसीआय स्लॉटातलं होतं. रियलटेकचा विंडोज ९८ चा ड्रायव्हर टाकला आणि त्याच ‘जळलेल्या’ स्लॉटात तेच कार्ड चालू झालं.

पुढे आणखी एक अडचण येते आणि असले लोक तिचाही फायदा घेतात. लॅपटॉपवर विंडोज १० किंवा ११ असेल तर शेअर केलेले फोल्डर विंडोज ९८ ला उघडत नाहीत, कारण एसएमबी१ ही फोल्डर शेअर करायची जुनी पद्धत २०१७ पासून नव्या विंडोजमध्ये बंदच येते. यात ना कार्डाचा दोष ना मशीनचा. लॅपटॉपवर एफटीपी (फाइली पाठवायची दुसरी पद्धत) सर्व्हर चालवला आणि विंडोज ९८ मधल्या एफटीपी आज्ञेनं फाइली पाठवल्या. मामांचं सगळं लिखाण उतरलं. श्रीलिपीचे फॉन्टही बरोबर घ्या, नाहीतर मजकूर वाचता येणार नाही.

मला राग कार्डापेक्षा त्या एका वाक्याचा येतो: ‘मशीन जुनं आहे, चालणार नाही.’ वयस्कर माणूस समोर असला की हे वाक्य हमखास चालतं, कारण तपासणार कोण? पण कार्ड चालेल की नाही हे तीनच गोष्टींवर ठरतं: स्लॉट कोणता, चिप कोणती, त्या चिपचा आपल्या विंडोजसाठी ड्रायव्हर आहे का. पैसे देण्याआधी चिपवरची अक्षरं स्पष्ट दिसतील असा फोटो मागा. फोटोत चिपवर स्टिकर असेल तर ते काढून पुन्हा फोटो पाठवायला सांगा. टाळाटाळ झाली तर कार्ड घेऊच नका. दुकानात मशीन ठेवायची वेळ आली तर हार्ड डिस्क काढून घरी ठेवा.

बिल हस्तलिखित का होईना, पण त्यावर ‘थ्रीकॉम ओरिजिनल’ लिहिलेलं होतं, ते कामाला आलं. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार नोंदवली, बिल आणि स्टिकरखालच्या चिपचे फोटो जोडले. त्यानंतर कार्डाचे २,८०० परत आले. अनलॉकचे १,५०० तो द्यायला तयार नाही, त्यासाठी आता जिल्हा ग्राहक आयोगात जातोय. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क लागत नाही आणि घटनेपासून २ वर्षांत तक्रार करता येते.

कोल्हापुरात कुणाकडे असं संशयास्पद पीसीआय कार्ड असेल तर सांगा. मित्राचं ते मशीन तपासणीसाठी तसंच जोडून ठेवलंय, कार्ड लावून खरा क्रमांक काढून देईन.