लघुप्रबंधाला सिद्धांत कोणता घ्यायचा: बुर्द्यू, बर्नस्टाइन, विलिस की बोल्स-गिंटिस?

समाजशास्त्राच्या एम. ए.ला हा प्रश्न दरवर्षी येतो. विषय ठरलेला असतो, 'शिक्षण आणि विषमता'. शाळाही ठरलेली असते, बहुतेक आपल्याच गावाकडची, माण-खटावातली नाहीतर पाटण-जावळीतली. घोडं अडतं ते सिद्धांतापाशी. माझं मत आधीच सांगते: साताऱ्यात काम करायचं तर पाया बुर्द्यूचा घ्या, पण जोडीला फुले हवेतच.

मी आठवीत माणमधून साताऱ्यात शिकायला आले. पहिल्याच आठवड्यात धडा वाचताना 'पानी' म्हणाले. वर्ग हसला. बाईंनी 'पाणी' तीनदा म्हणून घेतलं. त्यानंतर दहावीपर्यंत मी आपणहून हात वर केला नाही. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिअर बुर्द्यू हाच व्यवहार उलगडून दाखवतो. नैऋत्य फ्रान्समधल्या खेड्यातला, टपाल खात्यात नोकरी करणाऱ्याचा हा मुलगा. शाळा एका वर्गाची बोली आणि वळण हीच 'गुणवत्ता' धरते, आणि ते घरून न मिळालेल्या पोराला आपणच कमी आहोत असं वाटायला लागतं, हे त्यानं सहकारी पासरोनबरोबर 1970 साली मांडलं. घरून मिळणाऱ्या या शिदोरीला तो 'सांस्कृतिक भांडवल' म्हणतो. त्याची रूपं तीन: अंगात मुरलेलं, वस्तूंच्या रूपातलं आणि पदवीच्या कागदावरचं.

यात एक चूक हमखास होते. प्रश्नावलीत 'घरात पुस्तकं किती?' एवढं विचारून विद्यार्थी मोकळे होतात. ते वस्तूंच्या रूपातलं भांडवल झालं. मुरलेलं पाहायचं तर पालकसभेला जाऊन बसा. कोण खुर्ची ओढून मुख्याध्यापकांशी बोलतं आणि कोण दाराशी उभं राहून 'आमाला काय कळतंय, तुमीच बघा' म्हणतं, ते टिपा. आणखी एक पाहा: पाठ्यपुस्तकातल्या ओवीला गुण असतात, पण तीच ओवी जात्यावर म्हणणाऱ्या आजीची भाषा नातवानं वर्गात बोलली की ती 'गावठी' ठरते.

बुर्द्यू आणि बर्नस्टाइन यांची गल्लत करू नका. ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ बेझिल बर्नस्टाइनचा मुद्दा उच्चारांचा नाही. चित्र दाखवल्यावर एक मूल म्हणतं, 'त्यानं ते हाणलं, मग ते तिकडं गेलं.' दुसरं मूल कुणी, काय, कुठं हे सगळं शब्दांत मांडतं. पहिल्याचं बोलणं समोरच्याला प्रसंग ठाऊक आहे असं धरून चालतं. शाळेला दुसऱ्या तऱ्हेचं लागतं. इयत्ता पहिलीतल्या मुलांची भाषा तपासायची असेल आणि ध्वनिमुद्रणं करून ती शब्दशः उतरवायची चिकाटी असेल, तरच हा घ्या.

बोल्स आणि गिंटिस या दोघा अर्थतज्ज्ञांचं म्हणणं 1976 चं, अमेरिकेतलं: शाळेची घंटा, हुकूम, क्रमवारी ही कारखान्याच्या शिस्तीची तालीम. आयटीआय आणि एमआयडीसी असा विषय असेल तर चपखल बसतं. एरवी नको, कारण त्यात पोरं मातीच्या गोळ्यासारखी दिसतात.

पॉल विलिस (1977) याच्या उलट. इंग्लंडमधल्या एका औद्योगिक गावात 12 कामगारपुत्रांसोबत राहून त्यानं दाखवलं, की मास्तरांची टर उडवणारी ही पोरं त्या बंडाच्या वाटेनंच कारखान्यात पोचतात. आपल्याकडे तास बुडवून भरतीसाठी पळणाऱ्या मुलांवर हा सिद्धांत लावायचा मोह होतो. जपून. त्यांचं शाळेशी वैर असतंच असं नाही. विलिसची पद्धत मात्र जरूर उचला. फक्त तिला महिने लागतात.

या चारही मांडण्यांचा कणा वर्ग आहे; जात तिथे सापडत नाही. मूळचे खटाव तालुक्यातल्या कटगुणच्या घराण्यातले जोतीराव फुले 1882 मध्ये इंग्रज सरकारच्या शिक्षणविषयक हंटर आयोगाला सांगत होते, की सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणाचा लाभ वरच्या जातींना होतो. हे निवेदन प्रस्तावनेपुरतं ठेवू नका, विश्लेषणात आणा.

बुर्द्यूवर दुसरा आक्षेप असा, की त्याच्या चौकटीत सुटकेची वाट अरुंद दिसते. त्याचं उत्तर इथेच शोधता येतं. भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये कराडजवळच्या काले गावात रयत शिक्षण संस्था काढली, 1924 मध्ये साताऱ्यात वसतिगृह उभं केलं आणि सगळ्या जातींची मुलं एका पंक्तीला बसवली. घरात मुरायला वर्षं लागतात ते घराबाहेर देण्याचा हा प्रयत्न होता. तो कुठवर पोचला, कुणापर्यंत पोचला नाही, हा स्वतंत्र लघुप्रबंधाचा विषय आहे. वसतिगृहात राहिलेली, आता सत्तरीपुढची माणसं अजून आसपासच्या गावांत भेटतात. सिनॉप्सिस लिहिण्याआधी त्यांतल्या दोघा-तिघांशी तरी बोलून या.