बाळंतविड्यातलं जाड दुपटं: मखमली लोकर की दुपदरी साधी?

भाचीच्या बाळंतविड्यासाठी क्रोशाचं दुपटं विणायचं ठरलं, तेव्हा मी आधी मखमली लोकर आणली. शेनील म्हणतात ती. गुंडा हातात घेतला की खाली ठेववत नाही, इतकी मऊ. १० मिमीच्या सुईवर दुपटं भराभर वाढतं. बारसं आठवड्यावर आलं असेल, तर हिचा मोह होणारच.

अकराव्या ओळीच्या शेवटी टाके मोजले, एक कमी भरला. मखमलीत टाका डोळ्यांना दिसतच नाही, बोटांनी चाचपून शोधावा लागतो. काठाचा तर हमखास निसटतो. चूक दोनच ओळी मागे होती, म्हणून उसवायला घेतलं. लव लवेत अडकून बसलेली. जरा ओढलं तर मधला दोरा उघडा पडला आणि मांडीवर लवेचा थर साचला. तोच दोरा पुन्हा विणला, तर तेवढा पट्टा विरलेला दिसायला लागला. बाळ दुपट्याचं टोक आधी तोंडात घालणार, हे डोळ्यांसमोर आलं आणि मी ते काम तिथेच थांबवलं.

मग साधी ॲक्रिलिक बेबी लोकर घेतली, दोन पदर एकत्र, ८ मिमीची सुई. मखमलीचा ऊबदार गुबगुबीतपणा हिला नाही, हे मान्य. मनगटही जास्त भरून येतं. पण प्रत्येक टाका लख्ख दिसतो आणि चुकलं तर सर्रकन उसवतं. पांढऱ्याबरोबर फिका पिस्ता रंग धरला, तर छान ठिपकेदार वीण आली. पूर्ण खांब, म्हणजे क्रोशाचा उंच टाका, मात्र घालू नका, त्याच्या फटींत इवलीशी बोटं अडकतात. अर्धे खांब त्याहून बुटके, ते घट्ट बसतात. धुतल्यावर ही लोकर आणखी मऊ पडली. फक्त इस्त्री फिरवू नका, उष्णतेने वीण चपटी होऊन कायमची मरते.

ज्यांचा हात बसलाय, ज्यांना न बघता टाका लागतो, त्यांना मखमलीच आवडेल कदाचित. कोकणातल्या बाळासाठी सुती दोरा बरा वाटतो, पण जाड सुती दुपटं भिजलं की जड होतं आणि पावसाळ्यात दोन-दोन दिवस वाळत नाही.

काहीही विणलंत तरी पहिलं वर्षभर ते झोपलेल्या बाळाच्या अंगावर टाकू नये, हे आईला देतानाच सांगा. आमच्याकडे ते जमिनीवर अंथरतात, बाळ त्यावर पालथं पडतं. आणि गुंडे एकाच लॉटचे, म्हणजे एकाच वेळी रंगवलेले, दोन जास्तीचे घ्या. दुपदरी विणीत लोकर अंदाजाबाहेर जाते. माझ्या शेवटच्या चार ओळींचा पिस्ता किंचित गडद आहे.