वल्हांडणाचं भोजन: जरूर जा, पण पावासाठी नको

ईस्टरआधीच्या पवित्र गुरुवारी पुण्यातल्या एका चर्चच्या हॉलमध्ये वल्हांडणाचं, म्हणजे मिसरच्या गुलामीतून झालेली सुटका आठवणाऱ्या ज्यू सणाचं, भोजन ठेवलं होतं. माणशी 300 रुपये, मुलांना निम्मे. पैसे वसूल झाले, पण जेवणामुळे नाही.

ताटात बेखमीर (पीठ न आंबवलेली) भाकर, मुळ्याचा कीस, कोथिंबिरीची काडी, मिठाचं पाणी, खजूर-बदामाचं चाटण आणि उकडलेलं अंडं. भाकरी मंडळीतल्या मावशींनी मागच्या अंगणात केल्या. पीठ भिजल्यापासून 18 मिनिटांत भाजून झालीच पाहिजे, म्हणून घड्याळ समोर ठेवून लाटणं चाललं होतं. मुळा नाकात गेला तशी माझी नात ओरडली, "आजी, हे कशाला खायचं?" अगदी बरोबर! सेदरच्या, म्हणजे या विधिवत भोजनाच्या, रात्री प्रश्न विचारायचा मान घरातल्या धाकट्याचाच.

पाहुणे वक्ते मात्र घसरले. तीन भाकरी म्हणजे त्रैक्य (पिता, पुत्र, पवित्र आत्मा), मोडतात ती मधली म्हणजे ख्रिस्त, असं त्यांनी ठासून सांगितलं. मला पटलं नाही. सेदरची आजची मांडणी बरीचशी इ. स. 70 मध्ये यरुशलेमचं मंदिर पडल्यानंतरची. येशूनं शेवटचं भोजन घेतलं त्या माडीवर ती जशीच्या तशी कशी असेल? आणि ज्यांचा हा सण, त्यांच्याबद्दल अवाक्षर नाही. याच पुण्यात 1874 साली बेने इस्राएलांची, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यूंची, हिब्रू-मराठी हग्गादा (सेदरची पोथी) छापली गेली, त्यात साडी नेसलेल्या बायका भाकरी करताना दाखवल्यात. लाल देऊळ हे ज्यूंचं प्रार्थनास्थळही इथलंच. निदान एवढं तरी सांगायचं!

रात्र सावरली ती पाळकसाहेबांनी. त्यांनी सेदरमधली 113 ते 118 ही स्तोत्रं सगळ्यांकडून म्हणवून घेतली. भोजनानंतर गीत गाऊन येशू आणि शिष्य जैतुनाच्या डोंगराकडे गेले, असं मत्तय 26:30 मध्ये आहे. ते गीत बहुधा यांतलंच. आणि 118वं तर आपण ईस्टरच्या सकाळी म्हणतो, बांधणाऱ्यांनी टाकलेला दगड कोनशिला झाला ते. म्हणजे पुनरुत्थानाचं स्तोत्र पकडले जाण्याच्या रात्रीच, गेथशेमाने बागेच्या वाटेवर, येशूच्या ओठांवर असावं. इतकी वर्षं ईस्टरला ते म्हणते आहे, पण या वेळी म्हणताना आवाज फुटेना.

मग मटणाचा रस्सा आला, पावाबरोबर! तासभर खमीर घराबाहेर काढण्यावर बोलून खमिराचा पाव? रस्सा फक्कड होता, म्हणून कोणी तक्रार केली नाही.

जाणार असाल तर पुढची टेबलं धरा, मागे माइक ऐकू येत नाही. स्तोत्रांचे कागदही कमी पडतात, घरचं बायबल न्या.