बीएस-६ डिझेल पिकअप, आठ महिने: इंजिन एकच, रूट दोन

एकाच मॉडेलच्या दोन गाड्या, एकाच महिन्यात रस्त्यावर आलेल्या. दीड लिटरचं चार सिलिंडर टर्बो कॉमन रेल (एका उच्च दाबाच्या नळीतून सगळ्या सिलिंडरना डिझेल देणारं) इंजिन, माल सव्वा टनाच्या आसपास. एक गाडी मस्जिद बंदर, दादर, कुर्ला, साकीनाका अशी फिरते. दिवसाला जेमतेम ३५ किलोमीटर, त्यातही निम्मा वेळ डबल पार्किंगमध्ये इंजिन चालू ठेवून. दुसरी वाशी मार्केट ते भिवंडी, कधी पडघ्यापर्यंत जाते, दिवसाला शंभर-एकशेदहा. आठ महिन्यांत पहिलीचा मीटर ७,००० च्या आसपास पोचला, दुसरीचा २२,००० च्या. तक्रारी मात्र जवळजवळ सगळ्या पहिलीच्याच.

ओढीबद्दल दोन्हींना दोष नाही. भरलेली गाडी पुलावर दुसऱ्या गिअरमध्ये न कुरकुरता चढते, आवाज जुन्या बीएस-४ (आधीच्या प्रदूषण मानकाच्या) गाडीपेक्षा कमी. ॲव्हरेज शहरात १०-११, हायवेला १४-१५. एवढ्यावर परीक्षण संपलं असतं, पण खरं प्रकरण इंजिनात नाही, सायलेन्सरच्या पाईपात आहे.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे प्रदूषणाचं नवं मानक लागू झालं तेव्हा या वजनाच्या मालवाहू गाडीला (चाचणीसाठी धरलेलं संदर्भ वजन १,३०५ ते १,७६० किलो) किलोमीटरमागे काजळीची मर्यादा ४० मिलिग्रॅमवरून ४.५ वर आली आणि नायट्रोजन ऑक्साइडची ३३० वरून १०५ वर. नुसतं इंजिन सुधारून हे जमत नाही. म्हणून पाईपात आधी ऑक्सिडेशन कॅटॅलिस्ट (धुरातलं न जळलेलं इंधन जाळणारा), मग डीपीएफ, म्हणजे काजळी अडवणारी गाळणी, शिवाय नायट्रोजन ऑक्साइड धरून ठेवणारा एलएनटी. नायट्रोजन ऑक्साइड कमी करायला मोठ्या इंजिनांच्या धुरात फवारतात तो युरिया या गाड्यांना लागत नाही, छोट्या इंजिनांत एलएनटीवर भागतं. पण डीपीएफ भरला की त्यातली काजळी जाळावीच लागते, आणि सगळी गोची तिथे आहे.

सलग वेगात गाडी धावली की काजळी थोडीथोडी आपोआप जळत राहते. ते पुरलं नाही तर ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) पॉवर स्ट्रोकनंतर उशिरा थोडं जास्तीचं डिझेल मारतो, ते कॅटॅलिस्टवर जळतं, आणि डीपीएफमध्ये ६०० अंशांच्या आसपास उष्णता होते. याला रीजनरेशन, थोडक्यात रीजन, म्हणतात. ते पूर्ण व्हायला पंधरा-वीस मिनिटं लागतात, इंजिन २,००० आरपीएमच्या आसपास, वेग ४०-६०, आणि मध्ये थांबायचं नाही. मस्जिद बंदरच्या गल्लीत हे कुठे मिळणार? वाशीची गाडी ४०० किलोमीटरला एकदा रीजन करते आणि ड्रायव्हरला पत्ताही लागत नाही. शहरातली दर १२०-१५० किलोमीटरला सुरू करते आणि चारपैकी तीनदा अर्धवट सोडते, कारण माल उतरवायला ड्रायव्हरने इंजिन बंद केलेलं असतं.

म्हणून ड्रायव्हरला आधी खुणा शिकवा. उभ्या गाडीत आयडल ८०० वरून हजाराला जातं, रेडिएटरचा पंखा विनाकारण जोरात फिरतो, मागून गरम, करपल्यासारखा वास येतो. हे दिसलं तर चावी काढू नका. शक्य असेल तर ईस्टर्न एक्स्प्रेसवर किंवा वाशी-कळंबोली पट्ट्यावर एक फेरी मारून या, एक गिअर खाली ठेवून. रीजन चालू असताना कचरा, पुठ्ठे, सुकं गवत असलेल्या जागी गाडी लावू नका. हे पुस्तकात लिहिलेलं असतं, पण वाचतो कोण!

अर्धवट रीजनचं दुसरं दुखणं तेलात दिसतं. उशिरा मारलेलं डिझेल पूर्ण जळत नाही, सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरतं. शहरातल्या गाडीची डिपस्टिक दोन महिन्यांत ‘मॅक्स’च्या वर गेली. ऑइल कमी होण्याची भीती सगळ्यांना असते, वाढलं की लोक खूश होतात. खरं तर हे जास्त वाईट, पातळ झालेलं तेल टर्बोचं आणि क्रँकचं बेअरिंग खातं. आता आठवड्याला सोमवारी, थंड इंजिनवर, सपाट जागी पातळी बघितली जाते. खुणेच्या वर गेलं तर थोडं काढून भागवायचं नाही, पूर्ण ऑइल आणि फिल्टर बदलायचं. शहरी गाडीला कंपनीने सांगितलेल्या अंतराच्या निम्म्यात बदल ठेवला आहे. तेल कमी राखेचंच (लो किंवा मिड-सॅप्स) हवं: पुस्तकात एसीईए सी३ हा युरोपीय दर्जा लिहिला असेल तर तेच, नाक्यावरचं स्वस्त ‘डिझेल ऑइल’ नाही. काजळी जळते, पण तेलातल्या मिश्रणाची राख जळत नाही. ती डीपीएफमध्ये कायमची बसते, आणि मग गाळणी काढून धुणं किंवा बदलणं एवढेच मार्ग उरतात.

चेक लाईट लागल्यावर लगेच ‘डीपीएफ गेला’ म्हणणाऱ्या गॅरेजवर विश्वास ठेवू नका. आधी गाडीचे बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर लावा. पी२४६३ म्हणजे काजळी साचली. पी२४५२ म्हणजे दाबाच्या सेन्सरचं सर्किट. पी०४०१ म्हणजे ईजीआरमधून (थोडा धूर परत इंजिनात पाठवणारा झडपेचा मार्ग) पुरेसा धूर जात नाही. शहरी गाडीला पी२४६३ दोनदा आला. एकदा खरंच काजळी होती. दुसऱ्यांदा डीपीएफपासून सेन्सरकडे जाणारी रबरी नळी उंदराने कुरतडली होती. तपासायला दाबाचं रीडिंग पुरतं: गरम इंजिन, आयडलवर, स्वच्छ डीपीएफला दहा मिलीबारच्या आत असतं. इंजिन बंद करून चावी ऑन ठेवल्यावरही शून्य दाखवत नसेल तर सेन्सर किंवा वायरिंग बघा, गाळणीला हात लावू नका.

स्कॅनरवरून सक्तीचं रीजन करायचं तर कूलंट ७० अंशांच्या वर हवं, टाकीत किमान पाव भाग डिझेल हवं, ईजीआर किंवा इंजेक्टरचा दुसरा कोड नको, आणि गाडी मोकळ्या जागी, सायलेन्सरच्या मागे काही नाही अशी. लगेच नंतर ऑइल बदला. ईजीआर अडकलेलं असताना रीजन करत राहणं म्हणजे फुटक्या बादलीत पाणी भरणं.

‘डीपीएफ काढून टाकतो, सॉफ्टवेअर मारतो’ अशी ऑफर प्रत्येक नाक्यावर मिळते. बीएस-६ डिझेलच्या पीयूसीला धुराच्या गडदपणाची मर्यादा ०.७ प्रति मीटर आहे (बीएस-४ ला १.६२ होती), तिथे अडकण्याचा धोका आहेच. शिवाय ते बेकायदा आहे, आणि वॉरंटीही जाते.

पावसाळ्यात वॉटर सेपरेटरमध्ये साचलेलं डिझेलमधलं पाणी दर पंधरवड्याला काढून टाका, तळातून पाणी संपून डिझेल येईपर्यंत. कॉमन रेलचा पंप पाणी सहन करत नाही. कुर्ला-सायनच्या तुंबलेल्या पाण्यात इंजिन बंद पडलं तर गाडी ढकलून बाहेर काढा, पुन्हा स्टार्टर मारू नका.

मोठं इंजिन घेणाऱ्यांसाठी युरियाबद्दल थोडं: ३२.५ टक्क्यांचं तयार द्रावणच घ्या, शेतीचा युरिया पाण्यात विरघळवून नाही. ३५ अंशांच्या उकाड्यात त्याचं आयुष्य सहा महिन्यांवर येतं, तेव्हा गोदामात कॅन साठवून ठेवण्यात अर्थ नाही. आणि ते डिझेलच्या टाकीत ओतलं गेलंच तर चावीसुद्धा फिरवू नका, गाडी टो करून टाकी रिकामी करा.

दिवसाला ५० किलोमीटरच्या आत आणि सगळं शहरात असेल तर सीएनजीच घ्या, पंपावरची रांग परवडली. भिवंडी, पनवेल, कसारा घाट रोज असेल तर हेच डिझेल घ्या. दोन्ही रूट असलेल्यांनी एक साधी गोष्ट करावी, आम्ही पाचव्या महिन्यापासून करतो: शनिवारी दोन्ही गाड्यांचे रूट अदलाबदल. तेव्हापासून शहरी गाडीचा लाईट एकदाच लागला, तोही त्या कुरतडलेल्या नळीने. उंदरांसाठी आता वायरिंगला जाळीची स्लीव्ह आहे, आणि रात्री बॉनेट थोडं उघडं ठेवतो.