घरी बसवून मिळणारा गादी वाफा: बेळगावच्या एका पावसाळ्याचा अनुभव

वडगावातील आमच्या घरामागच्या परड्यात मे महिन्याच्या अखेरीस आम्ही शहरातील एका रोपवाटिकेकडून चार फूट लांब, चार फूट रुंद आणि एक फूट उंच असा गादी वाफा, म्हणजे जमिनीपेक्षा उंच केलेला लागवडीचा वाफा, बसवून घेतला. एचडीपीई (जाड प्लास्टिक) कापडाची पेटी, तीत भरायचे मिश्रण, दोन किलो निंबोळी पेंड, बियाण्यांची पाकिटे, टोमॅटो व वांग्याची रोपे आणि मजुरी मिळून ४,८०० रुपये झाले. साडेचार महिने वापरल्यावर माझे मत असे झाले आहे की वाफा घेण्याजोगा आहे, परंतु त्यातील मिश्रण आपल्या पावसासाठी केलेले नाही.

आधी चांगले सांगतो. जागा ठरवताना त्यांचा माणूस सकाळी आणि पुन्हा दुपारी चारला आला, शेजारच्या घराची सावली कुठवर सरकते ते त्याने पाहिले आणि सहा तास ऊन मिळेल असाच कोपरा निवडला. रुंदी चार फुटांहून अधिक ठेवू नये, म्हणजे दोन्ही बाजूंनी हात मध्यापर्यंत पोहोचतो आणि वाफ्यात पाय ठेवून माती दाबली जात नाही, हेही त्याने समजावले. माहितीपत्रक कन्नड आणि इंग्रजीत होते, पण काम करणाऱ्या दोघांनी आईला प्रत्येक गोष्ट मराठीत सांगितली. गांडूळ खत उत्तम होते. चहापत्तीसारखे मोकळे, आणि ओंजळीत घेतले की पहिल्या पावसाचा वास.

जूनमध्ये मेथी आणि पोकळा जोमाने उगवले. जुलैत संततधार लागली आणि चित्र पालटले. टोमॅटोची पाने खालून पिवळी पडू लागली, तेव्हा मी बुंध्याजवळ बोट खुपसून पाहिले. वरचा थर ओलसर होता, पण चार बोटे खाली नुसता चिखल होता. मूठभर मिश्रण पिळले तर स्पंज पिळावा तसे पाणी गळले. सहापैकी चार रोपांचा बुंधा जमिनीलगत तपकिरी, मऊ झाला होता आणि हलक्या हातानेही रोप उपटून येत होते.

कारणे दोन निघाली. मिश्रणात निम्म्याहून अधिक कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, होते. कोकोपीट आपल्या वजनाच्या कितीतरी पट पाणी धरून ठेवते. उन्हाळ्यात किंवा अथणी, रायबागसारख्या कमी पावसाच्या भागात हाच गुण उपयोगी पडतो, पण सह्याद्रीच्या कुशीतल्या बेळगाव आणि खानापूरकडे जून ते सप्टेंबर तो घातक ठरतो. दुसरे असे की पेटी शहाबादी फरशीवर ठेवली होती. तळाची भोके फरशीला चिकटून बंद झाली होती. पाण्याचा निचरा व्हावा म्हणून जो वाफा उंच करायचा, त्यातच पाणी तुंबले, याचे मला फार वाईट वाटले. रोपवाटिकेत दूरध्वनी केला तेव्हा मेलेल्या रोपांऐवजी नवी रोपे लगेच पाठवली गेली, मात्र मिश्रण बदलून देण्यास नकार मिळाला. ज्या मातीत पहिली रोपे कुजली, तिच्यातच दुसरी लावून काय साधणार?

ऑगस्टच्या उघडिपीत आम्ही पूर्ण वाफा रिकामा केला. सोळा घनफूट म्हणजे सुमारे साडेचारशे लिटर ओले मिश्रण घमेल्याने उपसणे हे दोघांचे दिवसभराचे काम आहे. पेटी फरशीवरून काढून मोकळ्या जमिनीवर ठेवली आणि तळाचे कापड कापून टाकले. जुन्या मिश्रणाचा एक तृतीयांश भाग नारळाच्या आळ्यात घातला आणि त्याऐवजी खानापूरकडच्या मामांच्या शेतातील तांबडी माती व भातगिरणीतून आणलेले, भाजून काळे केलेले तूस मिसळले. कच्चे तूस कुजताना मातीतले नत्र ओढून घेते, म्हणून ते भाजले. त्यानंतर कितीही पाऊस झाला तरी वाफ्यात पाणी साचलेले दिसले नाही आणि महिन्याभरात खालच्या जमिनीतले गांडूळ आपसूक वर आले.

सप्टेंबरपासून मेथी, पालक, मुळा आणि वांगी घरचीच आहेत. मेथी पंचविसाव्या दिवशी मुळासकट उपटतो आणि त्याच ओळीत पुन्हा बी टाकतो. वांग्यावर मावा आला तेव्हा एक लिटर पाण्यात पाच मिलिलिटर कडुलिंबाचे तेल आणि थोडे साबणाचे पाणी घालून संध्याकाळी तीनदा फवारले, तेवढे पुरले. गणपत गल्लीतली भाजी बंद झालेली नाही, कारण सोळा चौरस फुटांत चौघांचे भागत नाही, पण पानावर काय फवारले आहे हे आपल्याला ठाऊक असणे हे मोठे समाधान आहे.

आपल्या भागात ही सेवा घेणाऱ्यांनी मागणी नोंदवतानाच कोकोपीट पाव हिश्श्याहून अधिक नको असे सांगावे, पेटी जमिनीवर ठेवायची असेल तर बिनतळाची मागावी, आणि गच्चीवर ठेवायची असेल तर ओल्या वाफ्याचे वजन पेलेल का हे गवंड्याला आधी विचारावे. दुसरा वाफाही मी त्याच रोपवाटिकेकडून घेत आहे, कारण त्यांचे बियाणे आणि गांडूळ खत चोख आहे. या वेळी मात्र त्यांच्याकडून फक्त पेटी आणि खत येईल, माती मामांच्या शेतातली असेल.