1950 ची अमेरिकन जनगणना: आठ महिने पानं चाळल्यावर

न्यू जर्सीतलं आमचं घर 1930 च्या दशकातलं. आपल्याआधी इथे कोण नांदलं, हे मला राहायला आल्यापासून जाणून घ्यायचं होतं. अमेरिकेच्या नॅशनल आर्काइव्ह्जने 1950 च्या जनगणनेची मूळ पानं 1 एप्रिल 2022 ला, म्हणजे बरोबर 72 वर्षांनी, खुली केली. ती मी गेले आठ महिने बघतेय. एक पैसा लागत नाही, पानं हवी तेवढी उतरवून घेता येतात.

नाव माहीत असेल तर नावावरून शोधता येतं. मला ते माहीत नव्हतं, म्हणून नकाशावरून गेले. आपली गल्ली कुठल्या गणना-गटात, म्हणजे एका प्रगणकाला नेमून दिलेल्या भागात, येते ते बघायचं आणि पानामागून पान उलटायचं. डाव्या कडेला रस्त्याचं नाव, शेजारी घर नंबर. आमचा नंबर काही सापडेना. दोन आठवडे मी समजत होते की घर नोंदवायचंच राहिलं. मग कळलं, प्रगणक आला तेव्हा ज्यांच्या दाराला कुलूप होतं, त्यांची नोंद 71 नंबरच्या पानापासून पुढे असते. तिथे आमचं घर मिळालं! सुतार, त्याची बायको, तीन मुलं आणि बायकोची आई. स्वयंपाकघरातली ती भिंतीतली कपाटं त्यानेच केली असणार, असं मला आता वाटतं.

शेजारच्या आजीही सापडल्या, वय वर्षं चार. इथे मात्र मी अडखळले. प्रत्येक पानावर 30 ओळी, त्यातल्या सहा ओळींवरच्या माणसांना जादा प्रश्न होते: शिक्षण किती, गेल्या वर्षीची कमाई किती. आजींचे वडील नेमके तशा ओळीवर आलेले. शिक्षण सहावीपर्यंत. आजी तर नेहमी सांगायच्या, बाबा हायस्कूल शिकलेले. ते पान मी तीन दिवस त्यांना दाखवलं नाही. दाखवलं तेव्हा त्या बराच वेळ बघत बसल्या, मग म्हणाल्या, "तरी माझा गृहपाठ रोज तेच घ्यायचे."

म्हणून माझं मत: 72 वर्षं थोडी कमीच आहेत. ब्रिटनमध्ये 100 वर्षांचा नियम आहे. तिथे 1911 ची पानं 2009 मध्ये लवकर उघडली, पण अपंगत्वाचा रकाना 2012 पर्यंत झाकून ठेवला. असं नाजूक रकान्यांपुरतं करता येतं.

आपल्याकडे मात्र उघडण्याची तारीखच नाही. 1948 च्या जनगणना कायद्याचं कलम 15 सांगतं की वैयक्तिक नोंदी कुणालाही पाहता येणार नाहीत, पुरावा म्हणूनही चालणार नाहीत. गुप्ततेचा शब्द पाळायलाच हवा, नाहीतर दारात आलेल्या प्रगणकाला कोण खरं सांगेल? अमेरिकेत 1942 मध्ये युद्धाच्या नावाखाली हा शब्द कायद्यानेच मोडला आणि जपानी वंशाच्या लोकांना त्याची किंमत मोजावी लागली. पण शंभर वर्षांनी कुणाचं काय बिघडणार आहे? जनगणनेला माझी आजी खानेसुमारी म्हणायची. 1951 ला सातारा जिल्ह्यातल्या आमच्या वाड्यात किती माणसं जेवत होती, हे सांगणारं आता कुणी उरलेलं नाही. सुताराच्या सासूबाईंचं वय मला ठाऊक आहे, माझ्या पणजीचं नाही.

शेजारच्या आजींना आता 1960 ची पानं बघायची आहेत. ती 1 एप्रिल 2032 ला उघडतील. तारीख त्यांनी फ्रिजवर लिहून ठेवलीय.