खऱ्या पेन्यांची जमीन की ‘पेनी राउंड’ टाइल?

न्यूयॉर्कच्या ‘स्टँडर्ड ग्रिल’ या रेस्टॉरंटमधली पेन्यांनी, म्हणजे अमेरिकेच्या एक सेंटच्या नाण्यांनी, मढवलेली जमीन पाहिली की आपल्याही घरात तसं काही करावंसं वाटतं. अमेरिकेत घर असेल तर पर्याय दोन. खऱ्या पेन्या चिकटवून वर इपॉक्सी, म्हणजे ओतल्यावर घट्ट होणारं पारदर्शक रेझिन, ओतायचं, नाहीतर जवळपास त्याच आकाराच्या पोर्सेलिनच्या गोल टाइल बसवायच्या. दुकानात त्यांना ‘पेनी राउंड’च म्हणतात.

नाण्यांचा हिशेब ऐकून मोह होतो. पेनीचा व्यास 19.05 मिमी. एकमेकींत घट्ट बसवल्या तर चौरस फुटाला साधारण 295 लागतात, म्हणजे जेमतेम तीन डॉलर. खरा खर्च आहे इपॉक्सीचा आणि तुमच्या कंबरेचा. 5 बाय 6 फुटांच्या हाफ बाथलाही (नुसतं कमोड आणि बेसिन असलेल्या खोलीला) जवळजवळ 9,000 नाणी लागतात, तीही एकेक करून हाताने लावायची. नाण्यांवर आधी इपॉक्सीचा पातळ थर द्यावा लागतो, नाहीतर खालची हवा बुडबुडे होऊन वर येते आणि तशीच गोठते. नोव्हेंबर 2025 मध्ये चलनासाठी पेनी पाडणं थांबलं, त्यामुळे कोऱ्या नाण्यांवर भिस्त ठेवू नका. टाइल जाळीवर चिकटवलेल्या फूटभर शीटमध्ये येते. शीटचे सांधे चुकले तर डोळ्यांत खुपतात आणि टाइलमधल्या फटींत भरायचं ग्राउट भरपूर लागतं, एवढीच तिची कुरकुर.

दिसण्यात मात्र नाण्यांना तोड नाही. काळपट, तपकिरी, झळझळीत तांबडी अशी सगळी सरमिसळ लावावी. व्हिनेगर-मिठात घालून सगळी सारखी चमकवली तर मजाच गेली. मग टाइल काय वाईट होती?

पाण्यापुढे नाणी हरतात. 1982 मध्ये पेनीचा धातू बदलला. आधीची 95 टक्के तांब्याची, नंतरची जस्ताची, वर तांब्याचा नुसता मुलामा. मुलाम्याला ओरखडा असला आणि इपॉक्सीच्या फटीतून ओल शिरली की जस्त खराब होतं. शिवाय गुळगुळीत इपॉक्सी ओलं झालं की निसरडं, आणि उन्हात पिवळं पडतं. शॉवरमध्ये टाइलच लावा. लहान तुकडे उताराला छान वळतात, ग्राउटच्या रेषांमुळे पाय घसरत नाही. खऱ्या पेन्या कोरड्या, लहान खोलीपुरत्या. बेसमेंटचा कोपरा किंवा हाफ बाथ, बस्स.

घरात सासूबाई किंवा आजी असतील तर त्यांना आधी विचारा. पैशाला पाय लागला की नमस्कार करणाऱ्या माणसाला या जमिनीवरून चालवणं अवघड. तिथे हीच नाणी टेबलावर किंवा ओट्यामागच्या भिंतीवर लावावीत.

कायद्याचं म्हणाल तर फसवणुकीचा हेतू नसेल तर अमेरिकेत पेन्या जमिनीला चिकटवायला हरकत नाही. पुण्यातल्या फ्लॅटमध्ये रुपयाची नाणी लावायचा बेत असेल तर सोडून द्या. भारताच्या 2011 च्या नाणे कायद्यानुसार नाणं व्यवहाराखेरीज दुसऱ्या कामाला वापरता येत नाही. तिथे पेनी राउंड आणा, तांबूस रंगाची.